मांडुळाची मोजणी

आमच्या साडूंनी मोजली नाही अशी वस्तू लातूर जिल्ह्यात शिल्लक असेल असं मला वाटत नाही. जन्मभर भूमापनाची नोकरी केली, रेणापूर आणि शिरूर अनंतपाळची शिवारं पालथी घातली. निवृत्तीनंतर नोकरी सुटली, टेप काही सुटला नाही. माझ्या मुलीला पाहायला मंडळी आली, तेव्हा पोह्यांच्या बशा हातात असतानाच त्यांनी नवऱ्या मुलाची उंची घेतली आणि "अर्धा इंच जास्तीची सांगितलीय," असं जाहीर केलं. लग्न झालं, पण जावई अजून त्यांच्यापुढे टाचा उचलून उभे राहतात.

अशा माणसाच्या घरी गेल्या वर्षी मांडूळ आलं. मातीत राहणारा हा गरीब, बिनविषारी साप नांगराचा फाळ लागून जखमी झाला होता. वनरक्षक साडूंच्या ओळखीचा. गुप्तधनाच्या नादानं लोक मांडूळ पळवतात, म्हणून त्यानं रीतसर कागद करून, जखम भरेपर्यंत ते गुपचूप यांच्याकडे ठेवलं. साडूंनी माशांची जुनी काचेची टाकी धुतली, पिठाच्या चाळणीनं वाळू चाळली, उबेला दिवा लावला. ज्यांच्या घरात अंडंही येत नाही ते गृहस्थ आडत दुकानात जाऊन, "एखादा कोवळा उंदीर मिळंल का?" असं विचारू लागले. पण मांडूळ खाईना. "काका, खाल्लं तरच सोडता येईल. न्हाईतर जगत न्हाई ते," वनरक्षकानं बजावलं होतं. साडूंचंही जेवण तुटलं.

रोज सकाळी आंघोळ करून ते मांडुळाला वाळूतून उकरून काढत आणि मोजत. त्याचं शेपूट तोंडासारखंच बोथट, त्यामुळे शून्य कुठं धरायचा यातच दहा मिनिटं जात. "काल अठरा इंच होतं, आज सव्वासतरा. आटून चाललंय हो," ते रडवेल्या आवाजात मला म्हणाले. साप वळवळला की कमी भरणारच, हे जन्मभर बांध मोजलेल्या माणसाला कोण सांगणार? शेवटी त्यांच्या पत्नीनं, म्हणजे आमच्या अक्कांनी, तोंड उघडलं. "अहो, रोज उठून कुणी माझी लांबी घेतली तर माझ्या बी घशाखाली घास उतरायचा न्हाई. निवांत पडू द्या की त्याला!" त्याच आठवड्यात धर्माबादला आमच्या नात्यातलं लग्न होतं. अक्कांनी टाकीत मेलेला उंदीर ठेवला, जाळीच्या झाकणावर जुनं लुगडं टाकलं आणि नवऱ्याला जवळजवळ ओढतच एसटीत बसवलं.

दोन दिवसांनी आम्ही सगळे बरोबरच परतलो. लुगडं उचललं तर उंदीर नव्हता. साडू टाळ्या पिटत हसले आणि मग टाळीसाठी उचललेले हात तसेच राहिले. खाल्लं म्हणजे आता जाणार, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं.

"चार दिवसांनी कळवलं तर चालंल का हो?" त्यांनी मला हळूच विचारलं. आणि मग आपणच वनरक्षकाला फोन लावला.

पुढे जखम पुरती भरल्यावर वनरक्षकानं मांडूळ रेणापूरजवळच्या एका बांधाशी सोडलं. क्षणभर ते तसंच पडून राहिलं, मग सावकाश मातीत शिरलं. माती स्थिर झाली तरी साडू वाकूनच उभे होते. त्यांची चेष्टा करायची म्हणून मी मुद्दाम सोबत गेलो होतो, पण मीही त्यांच्याशेजारी वाकून मातीकडे बघत राहिलो.

"जेवून गेलं," ते म्हणाले, "एवढं बरं झालं."