वाक्यातला धाकटा

सेलूच्या अभ्यासिकेत आमची रीतच होती: इंग्रजी तुलनेचे नियम लक्षात राहावेत म्हणून वाक्यात घरचीच माणसं घालायची. ‘ज्युनियर’पुढं ‘दॅन’ नाही, ‘टू’ येतं. मी धाकट्या भावाला तिथं बसवलं. माझा भाऊ माझ्याहून ज्युनियर, असं येरझारा घालत घोकायचो.

यंदा स्पर्धा परीक्षेतून भावाची पोस्ट निघाली, तो साहेब झाला. माझी राहिली. हातावर पेढा ठेवत आई म्हणाली, “आता तुझं कवा?” डोकंच फिरलं.

परवा परीक्षेत नेमकं तेच वाक्य आलं. रिकामी जागा भरायची होती. उत्तर तोंडपाठ, तरी गोल काळा करवेना.

पर्यवेक्षक थांबले. “येईना का?”

“येतंय सर,” म्हणलं, “पटंना.”