गच्चीवरची चंद्रसीमा

आयुष्यभर दुसऱ्यांचे लेखन निमूटपणे वाचत आलेल्या माझ्यासारखीने या वयात लेखणी हाती घ्यावी, हे धार्ष्ट्यच. वाचकांनी क्षमा करावी. त्यातून विषय चंद्रावरच्या राजकारणाचा, आणि माझा अधिकार गच्चीपुरता.

कलकत्त्यात बालीगंजला आम्ही ज्या बंगाली गृहस्थांचे भाडेकरू होतो, ते रशियाचे कट्टर अभिमानी. माझे यजमान बँकेतले अधिकारी, आणि अमेरिकेचे. रशियाचे यान चंद्रावर आदळल्याची बातमी आली, तेव्हा घरमालकांनी घरोघर रसगुल्ले वाटले.

"आदळणे म्हणजे पोहोचणे नव्हे," यजमान म्हणाले. रसगुल्ला मात्र त्यांनी खाल्ला.

त्या दिवसापासून गच्चीची फाळणी झाली. कपडे वाळत घालायची दोरी ही सीमा.

"आता वरून रशियाची तुमच्यावर नजर राहील, मोशाय!"

"राहू दे. आमचे पापड दिसतील."

पुढे कोजागरी आली. कुणाला घरी बोलवायचे म्हटले की मी आजचे उद्यावर ढकलत असे. तरी त्या वर्षी धीर करून मी गावातल्या मराठी मंडळींना दुधासाठी बोलावून बसले. आणि नेमके त्याच दुपारी यजमानांनी घरमालकांना विचारले, "चंद्र काय रशियाने तुम्हाला भाड्याने दिलाय?"

"चंद्राचे ठाऊक नाही. गच्ची मी तुम्हाला दिलेली नाही!" असे म्हणून त्यांनी गच्चीला कुलूप ठोकले.

खाली दूध आटत होते, आणि मी रडकुंडीला आले होते. घरमालकीणबाईंकडे त्याच संध्याकाळी लक्ष्मीपूजा; बंगाल्यांत ती कोजागरीलाच असते. तांदळाच्या पिठाने त्या उंबऱ्यावर लक्ष्मीची पावले काढीत होत्या. माझा चेहरा पाहून सुनेला म्हणावे तसे म्हणाल्या, "बऊमा, थांब जरा." वाटी घेऊन त्या वर गेल्या, आणि कुलूपबंद दारापासून जिन्यावरून खाली पावले काढीत आल्या.

"हे काय? लक्ष्मी रस्त्यावरून येते!" घरमालक ओरडले.

"यंदा वरून येणार आहे. कुलूप काढता, की परत पाठवू तिला?"

घरमालक देव मानत नसत, बायकोला मानत. कुलूप निघाले.

चंद्र वर आला, मंडळी जमली. घरमालकही दोरीपलीकडे खुर्ची टाकून बसले. म्हणे, लक्ष्मीच्या बंदोबस्ताला. मी दूध घेऊन दोरीपाशी आले, तेव्हा दोन्ही बाजूंनी एकदमच हात पुढे झाले. ज्याला आधी देईन, चंद्र त्याचा ठरणार होता. सगळे माझ्याकडे पाहत होते.

तुम्ही माझ्या जागी असतात, तर पहिला पेला कुणाला दिला असतात?