रागानं का मायेनं?

"अक्का, हे रागानं का मायेनं?"

कुणी काही बोललं की ती आधी मान तिरकी करायची, म्हशीनं कान टवकारावा तशी, आणि मग हे विचारायची. स्वयंपाकिणीनं "जेवायला या गं" अशी हाक मारली तरी तेच. तुम्ही म्हणाल, यात विचारायचं काय? आवाजावरून कळतंच की! तिला कळत नव्हतं. स्किझोफ्रेनियात ऐकू येणारे नसलेले आवाज गोळ्यांनी गप्प झाले होते, पण असलेल्या माणसांचा राग, माया, भीती तिला एकाच पट्टीत ऐकू यायची. तिचं स्वतःचं बोलणंही तसंच, सपाट.

कोल्हापुरातल्या एका मनोरुग्णांच्या निवासी केंद्रात मी तेव्हा लेखनिक होते. पन्नाशी उलटलेली, केसांना मेंदी, आणि हौशी नाटकांत कामं केल्याचा तोरा अजून उतरलेला नाही. तुमची आजी त्या काळी आरशासमोर थांबायची नाही, आरसाच आपल्यासाठी थांबलाय असं समजायची, हे मी आता नातवंडांना सांगते. ही बाई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, तरी मला अक्का म्हणायची. मला त्याचाही राग यायचा.

ती मूळची कोडोलीची. नवरा गेल्यावर म्हशी घेऊन शहरात दुधाच्या कट्ट्यावर यायची आणि गिऱ्हाइकाच्या पेल्यात समोरच धार काढून द्यायची. "म्हस रेडकासाठी वरडती का वैरणीसाठी, लांबनं सांगत हुतो. माणसाचंच कळंना झालंय," म्हणायची.

तिची लेक गडहिंग्लजला दिलेली. दर गुरुवारी ऑफिसात फोन यायचा. मी स्पीकर लावून द्यायची.

"आई, ये की आता इकडं राहायला."

लगेच मान तिरकी. "अक्का?"

"मायेनं की! विचारायचं काय त्यात?" मी रजिस्टरची पानं उलटत म्हणायची. खरं सांगायचं तर मी ऐकलेलंच नसायचं.

तरी ती जात नव्हती. आजार नवा होता तेव्हा लेक सात वर्षांची. पोरीला कुणी पळवून नेणार असं आवाजांनी सांगितलं, म्हणून हिनं तिला दिवसभर गोठ्यात कोंडून ठेवलं होतं. "माझ्या कानाला कळंल तवाच जाणार," एवढंच तिचं म्हणणं.

मग डॉक्टरांनी एक प्रयोग काढला. रोज नाकात हार्मोनचा फवारा मारायचा. बाळंतिणीला ज्यानं पान्हा सुटतो तो हा हार्मोन. त्यानं आवाजातली भावना ओळखायला मदत होते का, ते बघायचं होतं.

"डाक्टरसायेब, म्हशीला टोचत्यात त्येच की हे! मी काय आटल्याली म्हस हाय व्हय?"

डॉक्टर हसले. "नको असेल तर नको."

तिनं पदरानं नाक पुसलं. मग नाक वर करून म्हणाली, "मारा."

चाचणीच्या कॅसेटवर आवाज माझा. दुसरा कुणाचा असणार! "दाराशी कोण आलंय बघ." हेच वाक्य चार वेळा, आनंदानं, रागानं, दुःखानं, भीतीनं. फवाऱ्याआधी तिनं चारही वेळा "सारखंच" असं उत्तर दिलं होतं. तीन आठवड्यांनी पुन्हा कॅसेट लावली. राग बरोबर. दुःख बरोबर. भीती बरोबर. मग माझा आनंद वाजला, आणि तिची मान सरळ झाली.

"ही बाई भ्यालीया."

"अगं, हसतेय ती!"

"हसतीया. पर भ्यालीया."

मी उत्तर चूक धरून फुली मारली. पण ज्या दिवशी कॅसेट भरली, त्या सकाळी अंघोळ करताना छातीत गाठ लागली होती. मी ते घरातही सांगितलं नव्हतं. गाठ पुढं साधीच निघाली. फुली मात्र मी खोडली नाही.

हे फवाऱ्यानं झालं की कशानं, डॉक्टरही छातीठोक सांगेनात.

त्या गुरुवारी फोन आला. "आई, ये की आता इकडं राहायला."

ती माझ्याकडं वळलीच नाही. फोनवर हात ठेवून हळूच म्हणाली, "अक्का, पोरगी मला भितीया. आन् तू दर बारीला मायेनं म्हणत हुतीस."

त्या दिवशी मीही पहिल्यांदा ऐकलं होतं. "माया पण आहे गं," मी कशीबशी म्हणाले.

"हाय की. भीतीच्या मागं उभी हाय."

मग ती फोनवर वाकली. "न्हाय गं बाळ, मी हितंच बरी हाय. तूच येत जा मला बघायला."

तो आवाज माझा होता. कॅसेटवरचा, आनंदाचा. सुरुवातीचं ते बारीक हसू, शेवटच्या शब्दावरचा तो हेल, जसाच्या तसा, त्या सपाट तोंडातून.

पलीकडं लेक रडायलाच लागली. "आई, किती वर्षांनी हसलीस गं!"

लेक महिन्याला येऊ लागली. प्रयोग संपला, फवारा बंद झाला, आणि हिची मान पुन्हा तिरकी झाली. पण गुरुवारी फोनवर तोच आवाज. तो ऐकू आला की मी ऑफिसाबाहेर जाऊन उभी राहायची.

तीन वर्षांनी एका दुपारी ती बसल्या जागी गेली.

लेक सामान न्यायला आली. दोन लुगडी, एक पेला. मी विचारलं, "चहा घेतेस का गं?"

ती सामानावर वाकलेली तशीच थांबली. "मावशी, परत बोला की. आईच बोलल्यासारखं वाटलं."

"काय बोलू?"

"'मी हितंच बरी हाय' म्हणा."

आयुष्यभर नाटकं केलेली बाई मी. म्हटलं. तेच हसू, तोच हेल.

पोर डोळे मिटून ऐकत होती. मग हळूहळू तिची मान तिरकी झाली, आईसारखी.