चाकाखाली फुटलेली बाटली

हौशी सायकलपटूंच्या त्या शर्यतीत मी पहिल्या पाचांत होतो. पूर्णा गावाजवळ गोदामांसमोर कंटेनरची रांग उभी होती. तिच्या कडेने जाताना एका केबिनमधून प्लास्टिकची बाटली खाली पडली आणि माझ्या पुढच्या चाकाखाली फुटली. आत लघवी होती. माल उतरवायला तासन्‌तास खोळंबलेले ड्रायव्हर बाटलीतच उरकतात, हे मला ठाऊक होतं. ती लघवी पायांवर उडाली, चेहऱ्यावर उडाली, आणि दम लागल्यामुळे माझं तोंड उघडं होतं.

मी सायकल आडवी टाकली आणि रस्त्याकडेला बसून ओकलो.

गोदामासमोर झाडणारी, पाड्यावरून रोजंदारीला येणारी एक बाई कळशी घेऊन आली. "डोळं मीट, आधी तोंड धू," म्हणत ती पाणी ओतू लागली.

"या घाणीत राहता कसे तुम्ही?" मी चिडून म्हणालो.

"घाण आमची न्हाय. आमी उचलतो. रोज गोणीभर बाटल्या निंगतात."

तिच्या हातांत मोजे नव्हते. कळशी टेकवून चूळ भरायला तिनं ओंजळीनं पाणी पुढे केलं, तेव्हा मी मागे सरलो. तिला ते कळलं. कळशी माझ्याकडे सरकवून ती म्हणाली, "घे तुझ्या हातानं," आणि झाडायला निघून गेली.

शर्यत मी कशीबशी पूर्ण केली. घरी तीनदा आंघोळ केली. त्या ड्रायव्हरची किळस चार दिवसांत ओसरली. तिच्या ओंजळीपासून मी मागे सरलो, त्याची मात्र मला अजून येते.