धाब्यावरचं जुनं गाव

"चाचा, पाय उचलू नका! हाय तिथंच थांबा. तुमच्या पायाखाली माझा मणी असंल."

फकरोद्दीनचाचा एक पाय पांढऱ्या मातीच्या ढिगात अन् एक अंगणात, असे बगळ्यासारखे उभे राहिले. बाजारात मणी ओवून देण्यात त्यांचा जन्म गेलेला. "सोनूबाय, तूच बोलावलं, दोरा जुना झाला म्हणून. अन् आता मलाच खुंटीला बांधून राह्यली?"

"दोऱ्याचं काय करायचं आता? काबरीनं ढिगाला मान घासली. दोरा तुटला, मणी गेला मातीत."

काबरी म्हणजे सोनूबाईची शेळी. दिवस भरलेली. मागच्या दोन्ही वेतांत करडं मेलेलीच निघाली, तेव्हा सोनूबाईनं अशाच मातीत सापडलेला लाल मणी तिच्या गळ्यात बांधला. असा मणी जीव राखतो, असं केळणा नदीच्या काठच्या या गावात धनगरांच्या बाया मानतात. आज सकाळपासून काबरी उठबस करत होती, अन् नेमका आजच मणी गेला.

सोनूबाईच्या सासऱ्याकडं मेंढरांचा कळप होता. तिच्याकडं चार शेळ्या राहिल्या. नवरा जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात. महिन्यातून एकदा येतो अन् घर गळलं तर हिलाच बोलतो. आजूबाजूला पत्रे आले, स्लॅब पडले. हिचं मातीचं धाबं, म्हणजे सपाट छत, तसंच. दर उन्हाळ्यात गावाबाहेरच्या पांढरीची माती आणायची अन् धाब्यावर पसरून चोपायची. पांढर म्हणजे जुनं गाव बसून झालेली टेकडी. चुलींची राख, पडक्या भिंती, सगळ्यांची मिळून माती झालेली. ती पाणी आत येऊ देत नाही. अंगणातला ढीग त्याच मातीचा.

दोघं चाळण घेऊन बसले. खापराचे तुकडे निघाले, शंखाच्या बांगडीचा तुकडा निघाला. मणी निघेना.

"भोकरदनला जुन्या गावाची खणाई चालू होती तवा मी मजुरीला गेल्तो," चाचा म्हणाले. "हस्तिदंताची बाई निघाली. तुटकी, इतकुशी. तशीच एक बाई कुठं निघाली, म्हाईत? इटलीत. पॉम्पे नावाचं गाव, डोंगर फुटून राखंखाली गेलेलं. दोन हजार वर्सं झाली."

"इटली म्हंजी संभाजीनगरच्या पुढं?"

"समुंदराच्या पल्याड."

"मंग ती हितून तिकडं गेली, का तिकडून हिकडं आली?"

"अल्लालाच म्हाईत."

चाळणीत काहीतरी वाजलं. सोनूबाईनं झडप घातली अन् तोंड पाडलं. "ह्यो माझा न्हाई." तिचा गोल होता. हा लांबट, पोटावर पांढरी रेघ.

चाचांनी भोकातली माती फुंकली, मणी उन्हाकडं धरला. या टोकाकडून त्या टोकाचा उजेड दिसला.

"अकीक हाय. दगुड. उभी जिंदगी मणी ओवले मी, पण हातानं इतकं बारीक, इतकं सरळ भोक कसं पाडलं आसंल, डोकंच चालत न्हाई."

"म्हंजी हा बी कुणाचा तरी हरवला आसंल."

"हरवलाच की."

"जिचा हरवला तिनं बी आसंच हुडकलं आसंल, चाळण घिऊन." सोनूबाईची नजर धाब्याकडं गेली. दरसालची माती थरावर थर बसलेली. "चाचा, इतकी वर्सं मी कुणाकुणाचं घर डोक्यावर घिऊन झोपून राह्यले?"

तेवढ्यात काबरी ओरडली. सोनूबाई चाळण टाकून धावली. करडू आलं, पण गपगार पडलं. तिनं त्याच्या तोंडातला चिकटा बोटानं काढला, मागचे पाय धरून उलटं झुलवलं, गोणपाटानं खसाखसा चोळलं. चाचा दोरा हातात धरून नुसते बघत राहिले.

करडू शिंकलं. मग कान फडफडवून आईसारखंच ओरडलं.

चाचांनी श्वास सोडला. "मण्याबिगरच झालं की गं."

"बिगर कामून? ह्या ढिगातच हाय की तो, हातभर अंतरावर! गप बसा."

"मंग चाळू का आजून?"

"नगं. ऱ्हाऊ द्या. ज्याच्या घरातून आल्ता त्याच्यासंगंच जाऊ द्या धाब्यावर. हा लांबट त्या पिलाला बांधा. गाठ बराबर मारा, न्हाईतर तुमालाच चाळायला बसवते."

तिनं हात पदराला पुसले, मातीचं टोपलं डोक्यावर घेतलं अन् शिडीला पाय लावला.