साहित्याच्या पानावरचे नाव

दिनांक १९ जुलै २०२४, शुक्रवार. मसाई पठारापलीकडच्या एका धनगरवाड्यावर दुपारी बारापर्यंत अडतीस माणसांचे जेवण रांधून तयार होते. जेवणारा एकही आला नाही आणि येणार नसल्याचे कळवण्याची तसदीही कुणी घेतली नाही. ही नोंद करण्याचे कारण इतकेच, की ती आजवर कुणीही केलेली नाही.

जेवण सांगणारे गृहस्थ म्हणजे शिवाजी पेठेतले चित्रकलेचे शिक्षक विजयसिंह, वय बावन्न. पन्हाळा ते विशाळगड ही दोन मुक्कामांची पायवाट ते दरवर्षी एक गट घेऊन चालत आणि तिची आखणी मे महिन्यापासूनच त्यांच्या वहीत सुरू होई. दोर, विजेरी, मीठ, जळवांसाठी तंबाखू, पायाच्या फोडांसाठी पट्ट्या. तालमीच्या कट्ट्यावर थट्टा चाले, "सरांच्या सॅकमधी अख्खं किराणा दुकान हाय." ते ऐकून विजयसिंह मनातून सुखावत. आपण काही विसरत नाही, एवढीच काय ती त्यांची ऐट होती.

धनगरवाड्यावर मोबाईलला रेंज नाही. तिथे जेवण करणाऱ्या धोंडुबाईला निरोप जाई तो दुधाच्या टेम्पोवरच्या तोहिदकडून. अठरा तारखेच्या सकाळी गंगावेशीत चहाचा कप खाली ठेवत तोहिदने विचारले, "सर, वर आक्काला काय सांगू?" अतिवृष्टीच्या इशाऱ्यामुळे बेत रद्द झाल्याचे विजयसिंह त्याच वेळी व्हॉट्सॲपच्या गटावर लिहीत होते. त्यांनी मान वर न करता नुसता हात हलवला. ठरल्याप्रमाणेच आहे, असे समजून तोहिद निघून गेला.

पाच दिवसांनी तोच म्हणाला, "आक्का इचारत हुती, सर. माणसं कुठं चुकली?"

 त्याच टेम्पोत बसून विजयसिंह वर गेले.

धोंडुबाईचा नवरा ज्ञानू गुडघ्याला हळदीचा लेप लावून बसला होता. पाहुणे धुक्यात वाट चुकले असतील म्हणून त्या दुपारी तो भर पावसात हाका मारत पठारभर हिंडला होता आणि निसरड्या कातळावरून पडला होता.

"कुणाला लागलं तर न्हाय न्हवं, सर?" धोंडुबाईने आधी तेच विचारले.

"आम्ही घरातून निघालोच नव्हतो, आक्का."

ती ताट वाढायला चुलीकडे वळली. "मग बरं झालं. मला वाटलं, वड्याच्या पाण्यानं नेलं."

ज्ञानू हसला. "सर, तुमच्या पिशवीत समद्यास्नी पट्ट्या असत्यात. गुडघ्याला काय हाय का, बघा की."

"तुमी गप बसा," धोंडुबाईने नवऱ्याला दटावले. "भाकऱ्या म्हसरांनी खाल्ल्या, सर, वाया न्हाय गेल्या. दोघी शेजारणींना थापायला बोलीवलं हुतं, त्यास्नी तोंड दावायचं तेवढं जड गेलं."

तिने पुढे केलेल्या ताटातले विजयसिंहांना काही खाववेना.

घरी येऊन त्यांनी वही उघडली. 'निरोप द्यायची माणसे' या पानावर गटातल्या सगळ्यांची नावे होती आणि प्रत्येकापुढे बरोबरची खूण होती. धोंडुबाई त्यांत नव्हती. ती सापडली चार पाने पुढे, साहित्याच्या यादीत, मीठ आणि काडेपेटी यांच्या खाली: 'भाकरी – धोंडुबाई'. अकरा वर्षे ते हे पान आपल्या वळणदार अक्षरात दरसाल नव्याने उतरवून काढत आले होते.

गटाच्या पुढच्या बैठकीत घडलेले सांगून त्यांनी ते पान उभे राहून वाचले. "पाऊसच तसा होता, सर," कुणीतरी समजूत घातली आणि बोलणे नव्या बुटांकडे वळले. विजयसिंह खाली बसले आणि बैठक संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. त्यानंतर त्या वाड्यावर जेवण सांगण्याचे धाडस त्यांना झालेले नाही.

वाचकांनो, तुमच्यापैकी जे जे अशा वाटांचे बेत आखतात, त्यांनी आज आपली यादी काढावी. रांधणाऱ्यांची, वाट दाखवणाऱ्यांची नावे साहित्याच्या पानावरून खोडून माणसांच्या पानावर सर्वांत वर लिहावीत. बेत मोडला, तर पहिला निरोप त्यांना द्यावा.