सूपभर कोंड्याची लेक

विनोदी कादंबरीनं कुणाचं वाटोळं झाल्याचं ऐकलंय का कधी? माझं झालं. आणि तरीही सांगते, तितकं मजेदार पुस्तक मी पुन्हा वाचलं नाही.

सोलापुरातला मार्शल लॉ उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. आम्ही गिरणीच्या चाळीत राहत होतो. वडील कापडखात्यात कारकून. आई सांगोल्याकडची, अक्षरशत्रू, पण गोष्टीची भलती हौस. मी चौदा वर्षांची, मराठी सातवी झालेली, म्हणजे लग्नाची. वडील वाचनालयातून पुस्तक आणायचे आणि रविवारी दुपारी मी ते मोठ्यानं वाचायची. चाळीतल्या चार-पाच जुन्या बायका शेंगा फोडायला आमच्या दारात येऊन बसायच्या. हात शेंगांत, कान माझ्याकडे.

कादंबरी पेशवाईतल्या एका इनामदार घराण्याची होती. इनामदारीणबाईंची मुलं जगत नसत. म्हणून पुढचा मुलगा झाल्याबरोबर त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं, एका कुंभारणीनं उचललं, आणि बाईंनी सूपभर कोंडा देऊन तो तिच्याकडून विकत घेतला. लेकरू परक्याचं झालं की मरणाची नजर चुकते, ही आपल्याकडची जुनी रीत. पुढं वीस वर्षांनी इनामाचा वाद निघतो आणि भाऊबंद म्हणतात, सूप अर्धंच भरलं होतं! म्हणजे सौदा पुरा झाला नाही, म्हणजे पोरगा अजून कुंभाराचाच. मग काय विचारता. शास्त्रीबुवा तीन दिवस भांडतात, कोंड्यात राहिलेली कणी कोंडा धरायची की धान्य. कारभारी ज्याच्याकडे जेवण चांगलं त्याच्या बाजूनं बोलतो. आणि ज्याच्यापायी हे सगळं चाललंय तो पठ्ठ्या कुंभारवाड्यात चाकावर मडकी घडवत बसलेला. मी प्रत्येकाचा आवाज काढायची. शास्त्रीबुवा नाकातून, कारभारी तोंडात घास असल्यासारखा. बायकांची हसून हसून मुरकुंडी वळायची.

मला तर ते माझंच पुस्तक वाटायचं, कारण मीही कोंड्याचीच. माझ्याआधीची तीन गेलेली. मी तापाच्या मोठ्या साथीत जन्मले. शेजारच्या खोलीतल्या मावशीनं मला उकिरड्यावरून उचललं आणि आईनं सूपभर कोंडा देऊन घेतलं, हे मी कळायला लागल्यापासून ऐकत होते. माझं नावही त्याच जातीचं, ओबडधोबड. ते इथं सांगत नाही.

मावशी विणकराघरची, तेलुगू बोलणारी विधवा. मागवाल्यांसाठी कांड्यांवर सूत भरून पोट भरायची. तिचं तान्हं साथीत गेलं आणि आईला दूध नव्हतं, म्हणून तिनंच मला पाजलं, असं सांगायचे. दर दिवाळीला आई तिला लुगडं द्यायची. मी तिच्याशी तेलुगूत बोलायची आणि आईला ते खपायचं नाही.

मावशी वाचन ऐकायला कधी बसायची नाही. त्या रविवारी मीच तिला हाताला धरून आणली. तिचं काम खोळंबंल, सोड तिला, असं आई दोनदा म्हणाली. मी कसली ऐकतेय! दरबारात कुंभारणीची साक्ष होती, आणि ती मावशीनं चुकवावी म्हणजे काय? पुस्तकात न्यायाधीश कुंभारणीला सवाल करतात तिथवर वाचलं, पुस्तक खाली ठेवलं, पदर खोचला आणि न्यायाधीश होऊन मावशीसमोर उभी राहिले.

"बाई, हे लेकरू तुझं की यांचं? खरं सांग."

मावशीनं हातातल्या शेंगा टोपलीत टाकल्या. माझ्याकडं बघत म्हणाली, "माझं."

मी पोट धरून हसले. काय झकास सोंग वठवलं, वाटलं! मग ध्यानात आलं की एकटीच हसतेय. बायका एकमेकींकडं बघत होत्या. आईचा चेहरा पांढराफटक पडला होता. पुस्तक मीट, ती म्हणाली. बायकांनी आपापली टोपली उचलली आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडील मला बरोबर घेऊन पुस्तक परत करायला निघाले. वाटेत तळ्याच्या काठी बसले आणि सांगून टाकलं. आईचं चौथंही मेलेलंच जन्मलं होतं. आठ दिवस आधी मावशीचा नवरा तापानं गेला होता. पदरात तीन दिवसांची पोर, सांभाळायला कुणी नाही. उकिरडा, सूप, कोंडा सगळं रीतसर झालं. फक्त लेकरू तिचंच होतं. तिनं स्वतःचीच पोर उचलली आणि कोंडा घेऊन आईला दिली. जात वेगळी, म्हणून जुन्या बायकांनी तोंडं शिवली.

"आम्ही तुला काय कमी केलं का?" वडील म्हणाले. "मग झालं तर."

झालं तर! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चौदा वर्षं सगळ्या चाळीला ठाऊक, आणि मी त्यांच्यापुढं उभी राहून त्या कुंभाराच्या पोराची टिंगल करतेय! दुपारच्या दुपार त्या बायका हसल्या त्या कुणाला? मेलीनं एकीनंही मला गप्प बस म्हणू नये? आईचा राग आला, वडिलांचा आला, आणि सगळ्यांत जास्त मावशीचा आला. विकलं ते विकलं, वर भिंतीपलीकडं बसून मी दुसरीला आई म्हणताना ऐकत राहिली!

पुस्तकाची शेवटची पानं मी तिथंच, तळ्याकाठी वाचून काढली. पोरगा दरबारात सांगतो, मला घरं दोन, भूक लागेल तशी दोन्हीकडं जेवतो. आणि सगळा दरबार हसतो. लिहिणाऱ्याच्या बापाचं काय जातंय!

आईशी मी आठ दिवस बोलले नाही. शेवटी तीच म्हणाली, "इकत घेतली म्हून काय झालं? देवी आल्या तवा हितं मांडीवर कोन घिऊन बसलं हुतं? ती का मी?" तेही खरंच होतं.

पण आई घाबरली होती. बोभाटा झाला तर मला कोण करून घेणार? तिनं तिकडं मावशीला होटगीला भावाकडं जायला लावलं आणि इकडं घाईघाईनं स्थळ बोलावलं. दोन्ही एकाच दिवशी आलं. बार्शीचे पाहुणे सतरंजीवर बसलेले, मी पाटावर मान खाली घालून, आणि मावशी गाठोडं काखेला मारून दारात उभी राहिली. आत आली नाही. नुसती माझ्याकडं बघत राहिली.

मुलाच्या चुलत्यांनी विचारलं, या कोण?

आईचा हात चहाच्या गाळणीवर थांबला. वडील सतरंजीकडं बघायला लागले. पाहुण्यांनी मग माझ्याकडं पाहिलं.

"शेजारच्या आहेत," मी म्हणाले. "तेलुगू आहेत. त्यांना मराठी कळत नाही."

मावशीनं पाहुण्यांना हात जोडले आणि ती गेली. मुलगी चुणचुणीत आहे म्हणाले पाहुणे, आणि मला पसंत केलं.